चालू धाग्याला नवा धागा

सुनेचं पत्र परत आलं तेव्हा थोरल्या बाईंना मनातल्या मनात जरा गंमतच वाटली. पत्र म्हणजे कागदाचं नव्हे, कॉम्प्युटरवरचं, ईमेल. पण परत आलेलं ते परत आलेलंच. पाहुण्याला दारातूनच माघारी धाडावं तसं कुणीतरी ते माघारी धाडलं होतं, आणि एवढी धमक अंगात असलेला माणूस कोण, हे बाईंना जाणून घ्यायचं होतं. आजवर दारातून माघारी धाडायचं काम त्यांनी एकटीनंच केलं होतं.

घर आणि कारखाना एकाच छपराखाली. मागच्या खोल्यांत राहायचं आणि पुढच्या लांबलचक खोलीत स्वेटर विणायचे. बाईंची उमर हातमशीनवर गेली. आता भिंतीलगत सुनेचं मशीन उभं होतं. खाटेसारखं लांब, वर लोकरीचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, ओळीनं मांडलेले, आणि सुयांच्या दोन रांगांवरून इकडून तिकडे सुसाट धावणारी कॅरेज. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची आणि मशीनला द्यायची, की ते आपलं आपण विणतं. सुनेनं हट्ट धरून ते कुणाच्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातून जुनं आणवलं होतं. बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "दुसऱ्याच्या घरून निघालेला हत्ती आपल्या दारात बांधतेस, बांध. चारा तूच घाल."

हत्ती बरेच दिवस गुणानं वागला आणि मग अडून बसायला लागला. विणता विणता खाडकन थांबायचं. पॅनलवर लाल अक्षरं उमटायची, 'धक्का'. म्हणजे आत कुठेतरी कॅरेजला धक्का बसला. जाऊन बघावं तर सुया शाबूत, अडकलेलं काही नाही. बटण दाबलं की पुन्हा चालायचं, आणि जरा पाठ फिरवली की पुन्हा धक्का. जिथे थांबायचं तिथे विणीत आडवी रेघ उठायची, आणि तो तुकडा उसवण्यावाचून इलाज नसायचा.

शेवटी लेक म्हणाला, "शनिवारी दलाल येतोय. मशीन उचलून नेतो म्हणतो. तोवर ह्याचा रोग कळला तर ठीक, नाहीतर मी हो म्हणून टाकणार. आणि पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला जाणार."

सून उठली आणि मशीनवरची धूळ पुसायला लागली. एरवी ती उलट बोलली असती, म्हणून बाईंना ते जास्त लागलं. मशीन तिच्या शब्दावर घरात आलं होतं. ते गेलं असतं तर तिचा शब्दही त्याच टेम्पोत चढून गेला असता.

मशीन बनवणाऱ्या कंपनीनं कधीच हात झटकले होते. पण जगात ठिकठिकाणी तसली जुनी मशिनं जिवंत ठेवणारी माणसं होती आणि ती एकमेकांना ईमेल लिहीत. एकानं लिहिलं की ते सगळ्यांना जायचं, ज्याला माहीत असेल तो उत्तर द्यायचा, तेही सगळ्यांना जायचं. बरीच वर्षं हे असं चाललेलं. मात्र त्या मंडळींत बसायचं तर आधी दारावरच्या माणसाची परवानगी लागे.

"काय म्हणालीस त्याला?" बाईंनी विचारलं.

"मॉडरेटर, आई."

"मोडता घालतो म्हणून मॉडरेटर?"

लेक फसकन हसला. सूनही हसली, बऱ्याच दिवसांनी. तेव्हापासून त्या न पाहिलेल्या माणसाचं घरात नाव पडलं मोडतेराव.

"तू लिहिलं होतंस तरी काय?"

"'मदत करा, फार तातडीचं आहे, मशीन सारखं थांबतंय.' आणि बरेचसे फोटो जोडले होते."

"मग परत येईल नाहीतर काय! दारात उभं राहून नुसतं 'मेले, मेले' करायचं. कोण मेलं, कशानं मेलं, काही पत्ता नाही. मीसुद्धा आत घेतलं नसतं."

"त्यानं नियम पाठवलेत. हे वाचून मग पुन्हा लिहा म्हणतोय."

"वाच की मग. बघू तरी मोडतेरावाच्या घरची रीत."

बाई स्टुलावर बसल्या होत्या आणि मांडीवर त्यांची टोपली होती. टोपलीत संपत आलेल्या कोनांवरची उरलीसुरली लोकर. एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, असं जोडत जायचं, की वीतभरही लोकर वाया जात नाही. त्यांची गाठ नावाजलेली होती. जवसाच्या दाण्याएवढी बारीक आणि दगडासारखी टणक. त्यांच्या सासूनं शिकवलेली. कामाला येणाऱ्या बायका म्हणायच्या, माणूस सुटेल पण थोरल्या बाईंची गाठ सुटायची नाही.

सून त्या परक्या भाषेतलं वाचायची आणि आपल्या बोलीत सांगायची.

"आधी आपण कोण ते सांगा. कुठलं मशीन, कुठल्या सालचं, काय काम करता."

"बरोबर. आलेल्यानं आधी नाव सांगावं."

"विचारण्याआधी जुनी उत्तरं शोधा. तोच प्रश्न आधी कुणी विचारलेला असतो."

"हे तुझ्या नवऱ्याला वाचून दाखव. बरणी नाकासमोर असते आणि मीठ कुठंय म्हणून घर डोक्यावर घेतो."

"विषयाच्या जागी विषयच लिहा. 'मदत' हा विषय नव्हे, 'तातडीचं' हाही नव्हे."

"अगदी! तातडी तुझी, त्याला काय त्याचं?"

"साधं लिहा. रंगीत अक्षरं नकोत, चित्रं नकोत. उत्तर देताना समोरच्याचं आख्खं पत्र पुन्हा चिकटवू नका. ज्याला उत्तर देताय तेवढंच ठेवा, आणि आपलं त्याच्या खाली लिहा."

"म्हणजे उष्टं ताट पुन्हा वाढू नका." बाईंनी एक गाठ ओढून घट्ट केली. "अगं, हा माणूस कुणाच्या हाताखाली वाढलाय? चांगल्या घरचा दिसतो."

"नुसतं 'धन्यवाद' म्हणायला पत्र पाठवू नका. 'माझंही तसंच होतंय' एवढंच सांगायलाही नको."

इथे मात्र बाईंचा हात थांबला. "आभार मानायचे नाहीत? ही कसली माणुसकी?"

"आई, तिथे हजारभर माणसं आहेत. एकाचं धन्यवाद हजार जणांना उघडून बघावं लागतं. त्यापेक्षा, असं म्हणतोय, तुमचं काम झालं की कशानं झालं ते लिहा. पुढच्याला उपयोगी पडेल. तेच आभार."

बाईंनी ते जरा मनात घोळवलं. हजार माणसं आणि प्रत्येकाला दारात येऊन कुणी तरी नुसतं धन्यवाद म्हणतंय. खुद्द त्यांनाच असली माणसं आवडत नसत. "शहाणा आहे," त्या म्हणाल्या. हा शब्द त्या कुणाला सहसा देत नसत. आपल्या पोटच्या पोराला तर अजून दिला नव्हता.

तेवढ्यात पुढून खाडकन आवाज आला. लेक ओरडला, "अगं ए, बघ! पुन्हा धक्का!"

सून उठली. उठता उठता शेवटची ओळ तिनं उभ्यानंच सांगितली, "आणि चालू धाग्याला नवा धागा जोडू नका. नवं असेल ते नव्यानं सुरू करा. जोडाजोडीनं मागचं-पुढचं सगळंच बिघडतं." एवढं बोलून ती गेली.

बाई टोपलीकडे बघत बसल्या.

आता, एका विषयावरच्या पत्रांच्या मालिकेला ती मंडळी धागा म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लोकर विणणारी माणसं, लोकर विणणाऱ्यांचे नियम. धागा म्हणजे धागा. पहिल्यांदा त्यांच्या मस्तकाची शीर उठली. हा कोण टिकोजीराव मला गाठ शिकवणारा? माझ्या सासूची गाठ! मग आठवलं की त्याच टिकोजीरावाला आपण आत्ताच शहाणा म्हणालो. नियम आवडतील तेवढेच पाळायचे असतात, असं म्हणणाऱ्या माणसांना बाईंनी या घरात कधी टिकू दिलं नव्हतं. सुनेला तर मुळीच नाही. मग आपण कसं म्हणायचं?

त्यांनी टोपली उचलली आणि कपाटाखाली सारली. अवाक्षर काढलं नाही. बोलल्या असत्या तर हरल्यासारखं दिसलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून कोन संपत आला की बाई मशीन कडेला थांबवायच्या, रिकामा कोन काढायच्या, नवा चढवून त्याचा धागा थेट खालपर्यंत ओवून घ्यायच्या आणि कडेपासून नव्यानं सुरुवात करायच्या. कोन चढवणं हे आधीपासून त्यांचंच खातं, त्यामुळे कुणी बघितलंही नाही.

इकडे सुनेनं पत्र पुन्हा लिहिलं. ह्या खेपेला तिनं पाठवण्याआधी ते सासूला वाचून दाखवलं. मशीनचं नाव, साल, 'धक्का दाखवून थांबतं, सुया शाबूत', काय काय करून बघितलं, सगळं रांगेत.

"'कृपया' किती वेळा घातलंस?"

"चार."

"एक ठेव. एकात विनंती होते. चारांत लाचारी."

सुनेनं तीन खोडले. मोडतेरावाचं उत्तर आलं, "या. बोला." बस्स. बाईंनी ते पुन्हा वाचून घेतलं. "दोन शब्द! असा माणूस आमच्या नात्यात एक असता तर लग्नकार्यं वेळेवर लागली असती."

मग उत्तरं यायला लागली. कुणी म्हणालं पट्टा बघा, कुणी म्हणालं तारा हलवून बघा, कुणी म्हणालं धक्का ओळखणारा सेन्सर लोकरीच्या कुसानं भरला असेल, तो उघडून साफ करा. एकानं बजावलं, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं गुण आला ते कळत नाही. सून प्रत्येकाचं वाचून दाखवायची आणि बाईंना नवल वाटायचं ते त्यांच्या ज्ञानाचं नव्हे, वागण्याचं. कुणी कुणाला तोडत नव्हतं. ज्याचं चुकलं तो 'चुकलो' म्हणून मोकळा होत होता. "आपल्याकडे तिघं जेवायला बसली तर चार भांडणं होतात," त्या म्हणाल्या. "इथे हजार माणसं आहेत आणि भांडं वाजत नाही."

सुनेनं दुपारी सेन्सर उघडला, ब्रशनं साफ केला, परत बसवला. मशीन चाललं. संध्याकाळपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी चाललं. तिसऱ्या दिवशीही लाल अक्षर नाही.

लेक नाचायचाच बाकी राहिला. "सेन्सरच होता! लिहून टाक त्यांना, सेन्सर साफ केला, काम झालं."

"नाही लिहिणार," सून म्हणाली.

"का?"

"सेन्सर मी दुपारी साफ केला. मशीन त्या दिवशी सकाळपासूनच थांबलेलं नव्हतं."

"मग काय झालं? चालतंय ना? चालत्या गाडीला खीळ कशाला घालतेस?"

"कशामुळे चालतंय ते मला माहीत नाही. तुम्ही उद्या दलालाला नको म्हणाल आणि सोमवारी परत थांबलं तर? आणि अहो, तिथे कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेलं वाचून मी पट्टा बदलायची थांबले. ते खोटं असतं तर? मी खोटं लिहून ठेवू, आणि उद्या कुणी बिचारा चांगला सेन्सर उपटून फेकू दे?"

"कोण बघायला येतंय तिथे!"

"मी आहे ना बघायला."

बाई दाराआडून ऐकत होत्या. सुनेला तोंडावर शाबासकी द्यायची नाही ही त्या घरची जुनी रीत. ती त्यांनी मोडली नाही. पण त्यांनी मनात तिला आपल्या पंगतीला बसवलं, आणि तिथे आजवर मोडतेरावाशिवाय दुसरं कुणी बसलेलं नव्हतं.

शुक्रवारचा दिवस. सून कारण शोधत फिरत होती. तेल तेच. लोकरीचा माल तोच. नक्षी तीच. शेवटी ती बाईंपुढे येऊन उभी राहिली आणि चाचरत म्हणाली, "आई, तुम्ही मशीनला काही... म्हणजे काही वेगळं केलंत का?"

"मी?" बाईंचा आवाज चढला. "मी कशाला हात लावू तुझ्या हत्तीला? बिघडलं की मी, आणि चाललं की सेन्सर, होय?"

"तसं नाही हो आई. काहीही. बारीकसंसुद्धा."

"मी आपली तुझ्या त्या मोडतेरावाचा नियम पाळतेय, दुसरं काय."

"कोणता नियम?"

"आता कोणता म्हणून मलाच विचार! तूच सांगितलास ना उभ्या उभ्या. चालू धाग्याला नवा धागा जोडायचा नाही. त्या दिवसापासून एक गाठ मारलेली नाही मी. टोपली कपाटाखाली आहे, जाऊन बघ."

सून बघतच राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती मटकन जमिनीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. लेक धावत आला. काय झालं ते कळल्यावर तोही भिंतीला टेकला. बाईंना समजावून सांगितलं, की तिथला धागा म्हणजे पत्रांचा धागा, एका गोष्टीच्या बोलण्यात दुसरी गोष्ट घुसडू नये एवढाच त्याचा अर्थ. बाई म्हणाल्या, "मग तसं म्हणायचं. धागा कशाला म्हणायचं?"

आणि तेवढ्यात सून हसायची थांबली.

"गाठी," ती म्हणाली.

टोपली कपाटाखालून निघाली. सुनेनं चालत्या धाग्यात बाईंची एक जोडलेली लोकर सोडली. तिघंही बघत उभी राहिली. कॅरेज गेली, आली, गेली. गाठ वरून हळूहळू उतरत आली, आत शिरली, आणि खाडकन. 'धक्का'. पुन्हा एक. पुन्हा धक्का. गाठीशिवायची लोकर सोडली, सुरळीत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सून शिडीवर चढली. धागा मशीनमध्ये शिरण्याआधी वर एका पोलादी फटीतून जातो. फट एवढी बारीक ठेवायची असते की गाठ आली तर तिथेच अडावी, दिवा लागावा, खाली जाऊच नये. सुनेनं बोट लावून बघितलं. फट सताड उघडी.

"ही कुणी उघडली?"

लेकानं मान खाजवली. "ते वरती सारखंच थांबायचं. उगाच खोळंबा. म्हणून मी जरा..."

"जरा?" बाई म्हणाल्या. "दारावरचा झोपवून ठेवलास, चोर आत घेतलेस, आणि फाशी त्या संन्याशी सेन्सरला देत होतास!"

पण बोलताना त्यांचं लक्ष हातातल्या गाठीकडे होतं. हातमशीनवर ती कधी अडली नव्हती. तिथे हात धाग्याबरोबर चालतो. गाठ आली की हाताला कळतं, हात जरा सैल सोडतो. ह्या वाऱ्यासारख्या धावणाऱ्या लोखंडाला ते कसं कळावं? एवढीशी गाठ. आणि तिनं घरातली दोन माणसं रडकुंडीला आणली होती.

सुनेनं त्यांचा चेहरा वाचला. संध्याकाळी पत्र लिहायला बसली तेव्हा म्हणाली, "मी एवढंच लिहिते आई, 'लोकरीत गाठी होत्या.' तेवढं पुरे आहे."

"गाठी काय झाडाला लागतात?" बाई स्टूल ओढून शेजारी बसल्या. "नीट लिही. घरातली म्हातारी लोकर वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे जोडायची, हातमशीनवर ते चालायचं, ह्या मशीनवर चालत नाही. असं लिही. जगात मी एकटीच काटकसरी नाही. कुठेतरी दुसरी असेल गाठी मारत बसलेली, आणि तिची सून मशीन उघडून बसली असेल."

"बरं."

"आणि माझी गाठ लिहितेस तर ह्याची फटही लिही. सुळावर जायचं तर मायलेक जोडीनं जाऊ."

"आई!" लेक कुरकुरला.

"गप. लिही गं."

"आणि गाठी बंद कशा झाल्या ते?" सुनेनं विचारलं. "नियमाचा घोटाळा? तो सांगितला नाही तर गोष्ट जुळत नाही. पण लोक हसतील, आई."

"हसू देत. नुसतं हसायला पत्र पाठवायची तिथे बंदी आहे ना?"

पत्र गेलं. सगळं जसंच्या तसं.

शनिवारी सकाळी बघितलं तर बंदी असूनसुद्धा एक उत्तर आलं होतं, आणि ते खुद्द दारावरून. सुनेनं वाचून दाखवलं, "पत्र वाचून माझ्या मशीनची फट तपासली. उघडी होती. बंद केली."

"मोडतेरावाची पण!" बाईंनी मांडीवर थाप मारली. "बघ, कसा माणूस आहे. ह्याला म्हणतात घरंदाज. आपली उघडी फट हजार लोकांना सांगितली आणि एक शब्द वाढीव नाही."

दलाल ठरल्याप्रमाणे आला. जाडगेला, हातात टेप, बाहेर टेम्पो. मशीन चालू होतं तरी त्यानं टेप लावलाच. दारातून बाहेर कसं काढायचं त्याचा अंदाज घेत म्हणाला, "चालतंय की. चालू करून दाखवलंत ते बरं केलंत. किती वेळ चालेल?"

लेकानं बायकोकडे बघितलं. तिनं नजर चुकवली नाही.

"नेऊ नका," लेक म्हणाला. "ठेवतोय आम्ही."

"विचार करा. जुनं मशीन आहे, आज ना उद्या परत बसेल. कंपनी नाही, मेकॅनिक नाही. तेव्हा कुणाला हाक मारणार?"

"त्याची काळजी नको," सून म्हणाली. आवाज शांत होता, पण कॅरेजच्या खडखडाटातही स्वच्छ ऐकू आला. "हाक मारायला माणसं आहेत. नीट विचारलं तर सांगतात."

दलाल हसला आणि टेप गुंडाळायला लागला. बाई कोन चढवत होत्या. मान न वळवता त्या म्हणाल्या, "काय विचारायचं असेल ते हिलाच विचारा. ह्या खोलीतलं आता हिला कळतं. आणि जाताना दार ओढून घ्या, धूळ येते मशीनवर."

सुनेनं ऐकलं. तिनं वाकून पॅनलवरचा वेग एका घरानं वाढवला.